बाजाराच्या दिवसाची माती

१

नर्सरीतलं सगळ्यात नावडतं काम म्हणजे पिशव्या हलवणं. रोप पिशवीत वाढतं, पण त्याचं मूळ बुडाच्या भोकातून बाहेर येतं आणि खालची जमीन धरायला बघतं. एकदा जमीन धरली की ते रोप उचलताना मरतं. म्हणून अधूनमधून एकेक पिशवी उचलायची, बाहेर आलेली मुळं कापायची आणि शेजारच्या रिकाम्या वाफ्यात पुन्हा ओळी लावायच्या. कंबर मोडून जाते. वृक्षारोपणाच्या फोटोत हे काम कधी दिसत नाही. फोटोत दिसतो साहेबांचा पांढरा शर्ट, नवी कोरी झारी आणि मागे पदर सावरून उभ्या केलेल्या आमच्या बाया.

मी ममता, वनरक्षक. गेल्या पावसाळ्यानंतर पोशेऱ्याच्या पलीकडच्या या सरकारी रोपवाटिकेचा ताबा माझ्याकडे आला. आमचं घर जव्हारला, वडील मास्तर. आईला वाटलं मुलीला बागेत नोकरी लागली. बाग कसली! शेडनेटच्या चिंध्या, गळकी टाकी, पत्र्याचं गोदाम, आणि सकाळी डब्याचं फडकं डोक्यावर घेऊन डोंगर उतरून येणाऱ्या रोजंदारीच्या बाया.

त्या दिवशी फेब्रुवारीतली सकाळ होती. बाया खैराच्या पिशव्या हलवत होत्या. मी टोकाच्या वाफ्याकडे गेले. तो आदल्या दिवशी आम्ही झाडून मोकळा केला होता. तिथे भरलेल्या पिशव्यांची एक ओळ उभी होती.

"ही ओळ कुणी लावली?"

बाया मुळं कापत राहिल्या. मी वाकून पिशवी उचलली आणि हाताला गारवा लागला. आम्ही पिशव्या ओढ्याकाठच्या काळ्या गाळाने भरतो. त्यात शेणखत मिसळतो, आणि सकाळपर्यंत ते मिश्रण सुकून भुरभुरीत होतं. ही माती लाल होती, ओली होती आणि इतकी घट्ट ठासलेली होती की बोट आत जाईना. आणखी एक गोष्ट होती. आमच्या बाया पिशवी भरली की तिचा काठ बाहेर दुमडतात, बाही वर सारावी तसा. या ओळीतल्या सगळ्या पिशव्यांचे काठ आत दुमडलेले होते.

गोकुळला हाक मारली. गोकुळ चौकीदार. रात्री राखण करतो म्हणजे गोदामात घोरतो. मी त्याला झाडायचं तेवढं झाडलं. तो नुसता पिशव्यांकडे बघत राहिला आणि म्हणाला, "मॅडम, मी हात पन नाय लावला. मना सांगाल तरी मी लावनार नाय."

उद्धटपणा वाटला मला. म्हटलं, नवीन बाई बघून परीक्षा घेतायत सगळे.

२

दुपारी हौशीने सांगितलं. हौशी बायांमधली बोलकी. एरवी तिची चेष्टामस्करी चालू असते, पण हे सांगताना तिने आवाज खाली घेतला.

"काठ आत दुमडायची सवय फागीची होती, मॅडम. आमी हसायचो तिला. पानी बसतं म्हनायची आत दुमडला का."

फागीचं नाव मला माहीत होतं. ताबा घेताना माझ्या वरच्या साहेबांनीच सांगितलं होतं. "एक चोरटी बाई मेली होती इथे. लोक काहीबाही बोलतील, लक्ष देऊ नका."

नर्सरीच्या मागे डोंगराची कड आहे. वर मुरमाचा थर आणि त्याखाली मऊ लाल माती. पूर्वी पिशव्यांसाठी तीच माती काढायचे. वरचा मुरूम कोण खोदणार? म्हणून खालूनच आत आत कोरत जायचं. कपार खोल होत गेली आणि तोंड अरुंद राहिलं, म्हणून बारीक अंगाच्या बाया आत उतरवायच्या. फागी बारीक होती. गेल्या उन्हाळ्यात एका बाजाराच्या दिवशी वरचा थर तिच्यावर बसला. बाजाराच्या दिवशी नर्सरी बंद असते. सगळा गाव मोखाड्याला गेला होता. दुसऱ्या दिवशी बाया कामाला आल्या तेव्हा कपारीच्या तोंडाशी तिचं डब्याचं फडकं दिसलं.

साहेब म्हणाले, त्या दिवशी काम नव्हतं. बाई घराच्या भिंती सारवायला माती चोरायला आली होती. संपला विषय. फागीचा मुलगा भिवंडीकडे मजुरीला, त्याला कोण विचारतो? त्याची बायको रुपी आता सासूच्या जागी आमच्याकडेच कामाला येते. तान्ह्या पोराची झोळी आंब्याला बांधते आणि रोपं हलवते.

हे ऐकून मला संताप आला. ही नर्सरी दुष्काळाच्या साली सुरू झाली. धोंडीबाई तेव्हापासून आहेत, लग्नाआधी आल्या, आता दात गेलेत, आणि अजून रोजंदारीवर. इथली रोपं दाभोशाच्या धबधब्यापर्यंत गेली, शिरपामाळाकडे गेली. मुंबईची माणसं गाड्या थांबवून त्या झाडांखाली फोटो काढतात. ज्यांनी ती झाडं वाढवली त्यांच्यातली एक मातीखाली गुदमरून मेली, तर आमच्या खात्याला तिच्यासाठी शब्द काय सापडला? चोरटी.

संध्याकाळी साहेबांचा फोन आला. पाहणीला वरून पाहुणे येणार आहेत, महिन्याभरात पिशव्या भरून हव्यात, काळ्या मातीत रोपं पिवळी पडतायत. "ती कपार पुन्हा उघडा. बाहेरून ट्रॉलीने माती आणायची चैन परवडत नाही."

"साहेब, तिथे बाई मेली आहे."

"म्हणून तर सांगतो, हलक्या अंगाची कोणीतरी बघा. ती रुपी चालेल."

मी फोन ठेवला. रुपी चालेल! सासू जिथे गाडली गेली तिथे सून.

३

दोन दिवसांत टोकाच्या वाफ्यात आणखी ओळी आल्या. मी विज्ञान शिकलेली बाई आहे. गोकुळची खोडी, साहेबांचा डाव, कुणा ठेकेदाराची आगाऊ माती, सगळे अंदाज करून पाहिले. एकेक अंदाज बसवायला गेले की कुठेतरी अडायचा. कपारीच्या तोंडावर गेल्या वर्षापासून करवंदीच्या काट्यांची जाळी घातलेली आहे. मी स्वतः जाऊन पाहिली. काटे वाळून राखाडी झालेले, एकही मोडलेला नाही. समोरच्या धुळीत पाऊल नाही.

शेवटी एक पिशवी उचलून गोदामात आणली. बाहेर ऊन रणरणत होतं आणि पत्रा तापून कडकड वाजत होता. ब्लेडने पिशवी उभी चिरली. प्लास्टिक गळून पडलं, पण माती जशीच्या तशी उभी राहिली. त्यात बी नव्हतं, मूळ नव्हतं. मी दोन्ही हातांनी तो गोळा मधोमध फोडला.

आत पोकळ होतं. पोकळी मुठीएवढी. घूस असेल, किडा असेल, हवा राहिली असेल, असं मी मोठ्याने म्हणाले. एकटीच होते तरी मोठ्याने म्हणाले. मग दोन्ही अर्धे उजेडाकडे धरले. पोकळीच्या भिंतीला बोटांची पेरं उमटली होती. अंगठा आत दुमडलेला. आणि पोकळी वर निमुळती होत गेली होती, तिथे मनगटाभोवती बांगड्या असाव्यात तशा गोल वळ्या होत्या, स्वच्छ, एकाखाली एक.

मातीत हात घालून काढला तर माती ढासळते. काठाला भोक राहतं. या पिशवीला वर भोक नव्हतं. ती हाताभोवती भरली गेली होती, आणि मग हात तिथे नव्हता.

मी ते दोन अर्धे गोदामाच्या कोपऱ्यात ठेवले, वर गोणपाट टाकलं आणि बाहेर येऊन टाकीच्या पाण्याने कोपरापर्यंत हात धुतले. नखांतली लाल रेघ जात नव्हती. भीती वाटत होती, नाही कशाला म्हणू? पण भीतीपेक्षा मोठा राग होता.

४

पिशवी भरताना एक आवाज होतो. ओंजळीने माती टाकायची, पिशवी उचलून जमिनीवर आपटायची म्हणजे माती खाली बसते. ठप. पुन्हा माती, पुन्हा ठप. बाया गोलात बसून भरायला लागल्या की तो आवाज दिवसभर चालू असतो आणि तुम्हाला ऐकू येईनासा होतो.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी बाया आंब्याखाली बसल्या होत्या. मीही डबा घेऊन त्यांच्यात बसले. नागलीची भाकर, सुक्या बोंबलाची चटणी. रुपी पोराला पाजत होती. सगळ्यांचे हात ताटात होते.

ठप.

मी घास हातात धरून थांबले. आवाज मागच्या कडेकडून आला होता. थोडा वेळ गेला, एक पिशवी भरायला लागतो तेवढा. पुन्हा ठप.

"कोण काम करतंय?" मी विचारलं. "कोण राहिलंय तिकडे?"

 हौशीने चटणी बोटाने पुसून घेतली. मग म्हणाली, "तुमाला आज ऐकू आला. आमाला रोज येतंय."

"मग सांगितलं का नाही?"

"कोनाला सांगू? सायबाला?" तिच्या आवाजात चेष्टा नव्हती. "आमी हात थांबवत नाय म्हनून. आपला आवाज चालू असला का तो ऐकू येत नाय. जेवताना गप बसावं लागतं, तवा येतो."

रुपीने पोराच्या अंगावर पदर ओढून घेतला. ती कडेकडे बघत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती, मी काय करणार म्हणून.

"हौशी, त्या दिवशी तिला खरंच साहेबांनी बोलावलं होतं?"

"बाजाराला जायला निघालेली ती. मना म्हनली, तू पुढं हो, सायबाचा निरोप हाय, एवढ्या पिशव्या भरून येते. तिच्या हाताखाली कोऱ्या पिशव्यांची गड्डी सापडली, मॅडम. घर सारवायला कोन पिशव्या घेऊन जाईल?"

"हे चौकशीत सांगितलंस?"

"चौकशी?" हौशी हसली. "सायबानं सायबाची केली."

ठप, असा आवाज आला. पोर दूध सोडून रडायला लागलं. मी डबा बंद केला. मला त्या क्षणी भूतबित काही वाटलं नाही. मला एवढंच वाटलं की एक बाई जेवायच्या वेळी काम करतेय, आणि आम्ही सगळ्या सावलीत बसून जेवतोय.

५

मी साहेबांना फोन करून सांगितलं की कपार उघडणार नाही. कारण विचारलं तेव्हा आवाजाचं, पिशव्यांचं काही बोलले नाही. म्हटलं, धोका आहे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. त्यांचा शांतपणा मला ओळखीचा झाला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची जीप फाटकात उभी होती.

"ममता मॅडम, तुम्ही नवीन आहात. या लोकांच्या नादी लागू नका."

"साहेब, बाई कोऱ्या पिशव्या घेऊन माती चोरायला गेली होती का?"

"चोराकडे काय सापडेल सांगता येतं का?" ते हसले. "त्या दिवशी नर्सरी बंद होती. काम नव्हतं, म्हणजे कामगारही नव्हती. एवढं सोपं आहे."

गोकुळला त्यांनी काटे काढायला लावले. तो काठीने लांबूनच जाळी ओढत होता. बाया पाटीकुदळ घेऊन आल्या आणि कडेपासून जरा अंतर ठेवून उभ्या राहिल्या. मी रुपीला बाजूला घेतलं.

"तू उतरायचं नाहीस. मी सांगते तुला."

"नाय उतरले तं सायब उद्यापासून येऊ नको म्हनल." तिने झोळीकडे मान वळवली. "याचा बाप होळीशिवाय येत नाय, मॅडम. मी काय खाऊ? याला काय पाजू?"

"मी बघते."

"तुमची बदली होते," रुपी म्हणाली. "आमची नाय होत."

 तिने साडीचा काचा मारला आणि पाटी घेतली.

६

काटे निघाल्यावर कपारीचं तोंड उघडं पडलं. एक माणूस बसून आत सरकेल एवढंच. वर ऊन होतं, आणि तोंडाच्या आत हातभर पुढे काही दिसत नव्हतं. ओल्या मातीचा वास आला. डोंगरावर सगळीकडे धूळ उडत असताना तिथून गार, ओला वास येत होता. साहेब बांधावर उभे होते. तेही पुढे आले नाहीत, हे मी पाहिलं.

रुपी तोंडाशी बसली. पाय आत सोडले.

ठप.

आवाज तिच्या पायांच्या जवळून आला. यावेळी तो सगळ्यांनी ऐकला. गोकुळच्या हातातली काठी पडली. साहेब म्हणाले, "माती सुटतेय आतली. काही नाही. चल, उतर."

"काही नाही?" मी ओरडले. माझा आवाज मलाच ओळखू येईना. "आवाज येतोय आणि तुम्ही तिला उतर म्हणता?"

"मॅडम, पाहुण्यांच्या आधी पिशव्या भरून हव्यात."

रुपी आणखी थोडी आत सरकली. मी धावत जाऊन तिच्या काखेत हात घातले आणि ओढलं. ती जड लागली. कोणी खालून धरलं होतं असं मी म्हणणार नाही; तोल गेलेला माणूस जडच लागतो. हौशी आली, दोघींनी मिळून तिला वर घेतलं. तिच्या पायांना पोटऱ्यांपर्यंत लाल चिखल लागला होता. रुपी रडत नव्हती. ती पायांकडे बघत होती.

तेव्हा माझं डोकं फिरलं. त्या तोंडाशी उभी राहून मी सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडले, "बास! सुट्टी! इथला ताबा माझ्याकडे आहे. मी देते सुट्टी. सगळ्यांना सुट्टी झाली, चला, हात झाडा आणि घरी जा!"

मी ते बायांना म्हणाले होते. समोर उभ्या होत्या त्यांना.

पण त्या हलल्या नाहीत. त्या माझ्यामागे, कपारीकडे बघत होत्या. आतला ठप थांबला होता. दुपारच्या जेवणाला, सकाळी, दिवसभर चालू असलेला तो आवाज बंद झाल्यावर कानात नुसती पोकळी राहिली. झोळीतलं पोरही गप्प होतं.

मग आतून हात झाडल्याचा आवाज आला. काम संपल्यावर बाया तळव्यावर तळवा घासून माती झाडतात, तसा. बांगड्या किणकिणल्या. मला वाटलं, गेली, सुटली बाई, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात तिच्या मागे आणखी एकीने हात झाडले. मग त्याही मागे, खोल, अजून एकीने. मग आवाज मिसळून गेले. दिवस संपताना आमच्या नर्सरीत होतो तसाच तो गलका होता, सगळ्या जणी एकदम हात झाडतात तेव्हाचा. तो डोंगराच्या पोटातून येत होता.

साहेब बांधावरून खाली उतरले होते. चेहरा मातीसारखा झाला होता. ते माझ्याशी बोलत नव्हते, कोणाशीच बोलत नव्हते.

"इतक्या कशा?" ते म्हणाले. "मी तर एकटीलाच बोलावलं होतं."

हौशीने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. गोकुळने पाहिलं. रुपी चिखलाच्या पायांनी उभी राहिली आणि हळू आवाजात म्हणाली, "काय बोललात, सायब?"

 साहेब जीपकडे जायला वळले, पण वाटेत बाया उभ्या होत्या आणि कोणी सरकलं नाही.

इतका वेळ मागे असलेल्या धोंडीबाई पुढे आल्या. त्यांना कोणी अडवलं नाही. कपारीच्या तोंडाशी त्या गुडघ्यांवर बसल्या आणि एक हात मातीवर टेकवला. त्यांना एक धाकटी बहीण होती, हे मला त्या दिवशी कळलं. लग्नाआधी दोघी मिळूनच इथे कामाला यायच्या. एका बाजाराच्या दिवसानंतर ती दिसली नाही. तेव्हाचे साहेब म्हणाले होते, ठेकेदाराच्या माणसाबरोबर ठाण्याला पळून गेली. घरच्यांनी तिचं नाव टाकलं. धोंडीबाईंनी आयुष्यभर तिला शिव्या घातल्या.

आत अजून हात झाडले जात होते.

"सकू," धोंडीबाई अंधारात वाकून म्हणाल्या. "सकू, तू पन हतंच हायेस का गं?"

उत्तर आलं नाही. पण आतल्या एकीचे हात थांबले. बाकीच्यांचे चालू राहिले.